घाटरस्त्यांवरील गटसहली : ठाणे आणि नवी मुंबईच्या दुचाकीस्वारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, खारघर येथून आमच्या रविवारच्या सहलींना येणारी मंडळी निघण्याच्या आधीच्या आठवड्यात जे प्रश्न फोनवर विचारतात, ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. ज्यांना घाटात एकट्याने मनसोक्त गाडी पळवायची आहे, त्यांना या उत्तरांचा फारसा उपयोग होणार नाही. येथे विचार केला आहे तो गटातल्या सर्वांत मागच्या गाडीचा, कारण आखणी जमली की फसली हे तिच्यावरूनच कळते.

एका गटात किती गाड्या असाव्यात?

पाच, फार तर सहा. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. दोन गाड्यांमध्ये दोन सेकंदांचे अंतर राखायचे म्हटले, तर ते २२ मीटर भरते आणि दहा गाड्यांची एकेरी रांग २०० मीटरच्या पुढे जाते. घाटात दोन वळणांच्या मध्ये एवढा सरळ रस्ता क्वचितच मिळतो. त्यामुळे मागून आलेल्या एसटीला किंवा टेम्पोला ही रांग एका दमात ओलांडता येत नाही. समोरून वाहन दिसताच तो रांगेतच घुसतो आणि ज्याच्या पुढ्यात घुसतो, त्या नवख्या स्वाराला कठड्याकडे सरकावे लागते. दहा जण येणार असतील, तर पाच-पाचचे दोन गट करावेत, प्रत्येकाला स्वतंत्र लीड (सर्वांत पुढचा स्वार) आणि स्वीप (सर्वांत मागचा) द्यावा आणि दुसऱ्या गटाने दहा मिनिटांनी निघावे. चहाला सगळे एकत्र येतातच.

पहिल्या सहलीसाठी कोणता घाट निवडावा?

ठाण्याहून निघणाऱ्यांना आम्ही माळशेज सुचवतो. कल्याण, शहाड, मुरबाड, सरळगाव, टोकावडे असा रस्ता असून मोरोशी ओलांडेपर्यंत घाट लागत नाही, त्यामुळे लीडला नव्या माणसाची गाडी चालवण्याची पद्धत आरशात तासभर पाहता येते. वळणे ऐसपैस आहेत, चढ बेताचा आहे आणि माथ्यावर पिंपळगाव जोगा धरणाच्या बाजूला रस्ता मोकळा होत असल्याने थांबायलाही जागा मिळते. कसारा घाटात जाण्याचा आणि येण्याचा मार्ग वेगळा असल्यामुळे समोरासमोरच्या धडकेची भीती कमी आहे. मात्र अवजड वाहनांची गर्दी एवढी असते की वळणांकडे लक्ष देण्याऐवजी सगळा वेळ कंटेनरच्या मागच्या फळ्या वाचण्यात जातो.

नवी मुंबईकरांना जवळचा म्हणजे खोपोलीहून खंडाळ्याला चढणारा जुना मुंबई–पुणे रस्ता. पळस्पे फाट्यावरून जावे आणि कळंबोलीला द्रुतगती मार्गाच्या पाट्या पाहून नेमके वळण घ्यावे, कारण त्या मार्गावर दुचाकीला बंदी आहे आणि दर दोन-तीन सहलींमागे कोणीतरी नकाशा दाखवेल तिकडे गाडी घालतो. नकाशात वाहनाचा प्रकार दुचाकी असा निवडला आहे ना, हे निघण्यापूर्वी एकदा पाहिले म्हणजे हा घोळ होत नाही. शिंग्रोबाच्या मंदिराजवळचा चढ उभा आहे. घाटाच्या वरच्या टप्प्यात जुना रस्ता द्रुतगती मार्गाला काही अंतरापुरता मिळतो. तेथे डावी कड सोडू नये आणि छायाचित्रासाठी तर मुळीच थांबू नये.

नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा रस्ता लांबीला थोडा असल्यामुळे सोपा वाटतो, पण त्याचा उतार नवख्यासाठी नाही. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी आणि महाड–भोर यांना जोडणारा वरंध हे दोन्ही घाट अरुंद असून त्यांना मुक्कामाची सहल लागते. एक पावसाळा आणि एक हिवाळा गटाबरोबर फिरल्यानंतरच तेथे यावे. माणगावकडून मुळशीला चढणारा ताम्हिणी अवघडपणात माळशेज आणि या दोन घाटांच्या मधला आहे. नाणेघाटाबद्दलही दरवर्षी कोणीतरी विचारतो. तो सातवाहनांच्या काळापासूनचा पायरस्ता आहे. वैशाखऱ्याच्या बाजूने गाडी पायथ्याशी लावून चालतच वर जावे लागते.

कोठे आणि किती वाजता भेटायचे?

सकाळी सहाला टाकी भरून, पोटात काहीतरी घालून आणि शिरस्त्राणाचा पट्टा लावून निघायच्या तयारीत असणे, असा आमच्याकडे सहाचा अर्थ आहे. शहाडचा पूल आणि कल्याणची वस्ती सातच्या आत मागे पडली, तर घाट उन्हाच्या आधी आणि पर्यटकांच्या मोटारींच्याही आधी मिळतो. परतताना चारच्या आत घाट उतरलेला असावा, कारण रविवारी संध्याकाळी मुरबाड–कल्याण रस्त्यावर गाडी पायाने ढकलत यावे लागते असे म्हटले तरी अतिशयोक्ती होत नाही.

भेटीची जागा सांगताना केवळ फाट्याचे नाव सांगू नये. शीळफाटा एक कल्याण–महापे रस्त्यावर आहे आणि दुसरा खोपोलीत आहे. एकदा मी स्वतः ‘साडेसहाला शीळफाट्यावर’ एवढाच निरोप पाठवला होता. डोंबिवलीचे दोघे घराजवळच्या शीळफाट्यावर वाट पाहत राहिले, आम्ही तिघे खोपोलीत वडापाव खात त्यांना नावे ठेवत होतो आणि घाटाची सकाळ तेथेच संपली. तेव्हापासून पेट्रोल पंपाचे नाव, रस्त्याची बाजू आणि नकाशावरची खूण या तिन्ही गोष्टी निरोपात असतात.

लीड आणि स्वीप कोणाला करावे?

लीड म्हणजे सर्वांत पुढचा आणि स्वीप म्हणजे सर्वांत मागचा स्वार. लीडला रस्ता माहीत असावा आणि मागे पाहण्याची सवय असावी. स्वीप मात्र गटातला सर्वांत जुना आणि शांत माणूस हवा. हत्यारे, पंक्चरचे साहित्य आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडेच असते, कारण बंद पडलेल्या गाडीपर्यंत तो आपोआप पोहोचतो, तर लीडला उलटे फिरून यावे लागते. उत्साही मंडळींना पुढे जायचे असते आणि मागे राहणे कोणाला आवडत नाही, म्हणून ही नेमणूक आदल्या रात्रीच जाहीर करावी.

नवख्याने लीडच्या लगेच मागे यावे. त्याला शेवटी ठेवणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. गटाची रांग रबरासारखी ताणली जाते : लीड वळणातून बाहेर पडून वेग वाढवतो तेव्हा शेवटचा अजून वळणात शिरतच असतो, आणि प्रत्येक वळणावर पडलेले हे अंतर भरून काढण्यासाठी शेवटच्याला लीडपेक्षा जास्त वेगाने चालवावे लागते. म्हणजे ज्याला सर्वांत कमी अनुभव आहे, त्याच्यावरच सर्वांत जास्त वेगाची वेळ येते. नवखा दुसऱ्या क्रमांकावर असला की लीडला त्याचा दिवा आरशात दिसत राहतो आणि वेग आपसूक बेतात राहतो.

घाटात रांग कशी ठेवावी?

भिवंडी–पडघा अशा सरळ, रुंद महामार्गावर एक गाडी मार्गिकेच्या उजव्या भागात आणि पुढची डाव्या भागात अशी तिरकी रांग चालते. घाट सुरू झाला की रांग एकेरी करावी, कारण वळणात प्रत्येकाला मार्गिकेची पूर्ण रुंदी लागते : खड्डा चुकवायला, खडी दिसली तर सरकायला आणि आपली चूक सावरायला. जोडीने चालवत गप्पा मारणे कोठेच चालत नाही, घाटात तर नाहीच.

मागचा दिसेनासा झाला किंवा फाट्यावर चुकला तर काय करावे?

वळणदार रस्त्यावर मागचा दिसेनासा होणारच, त्यासाठी वेग कमी-जास्त करत बसू नये. आमच्याकडे फाट्याचा नियम आहे : जेथे रस्ता फुटतो, तेथे दुसऱ्या क्रमांकावरचा स्वार सुरक्षित आणि सर्वांना दिसेल अशा जागी थांबतो, बाकीच्यांना दिशा दाखवतो आणि स्वीप आल्यावर त्याच्या पुढे लागतो. स्वीप येईपर्यंत त्याने जागा सोडायची नाही, मग वीस मिनिटे का होईनात. नवखा दुसरा असेल, तर हे काम तिसऱ्याने करावे. फाटे नसलेल्या लांब घाटात दर दहा-बारा किलोमीटरवर रुंद जागा पाहून सगळ्यांनी गोळा व्हावे, आणि शेवटचा येऊन टेकल्यानंतर पाच मिनिटे तरी थांबावे. पुढचे चहा पिऊन ताजेतवाने झालेले असतात आणि मागचा हातमोजे काढेपर्यंत ‘चला’ म्हणून ओरडतात, त्यामुळे ज्याला विश्रांतीची खरी गरज आहे, त्यालाच ती मिळत नाही.

वळण नेमके कसे घ्यावे?

वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ उभी असताना कमी करावा, गिअर तेथेच पाडावा आणि वळणात हलका थ्रॉटल कायम ठेवावा. नजर पुढच्या चाकासमोर न ठेवता वळण जेथे उघडते तेथे असावी; घाबरलेला माणूस ज्या दगडाकडे टक लावून पाहतो, त्यावरच गाडी घालतो.

आपल्याकडे वाहने डावीकडून चालत असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या वळणांचा धोका वेगळा आहे, हे मात्र फार थोडे जण लक्षात घेतात. डाव्या वळणात वेग जास्त झाला, तर गाडी बाहेर फेकली जाऊन समोरच्या मार्गिकेत जाते. उजव्या वळणात ती डाव्या कडेच्या खडीत किंवा गटारात जाते. पण मध्यरेषेला खेटून उजवीकडे कलले, तर चाके आपल्या बाजूला आणि डोके मात्र रेषेपलीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रकच्या आरशाच्या उंचीवर असते. म्हणून उजव्या वळणात मध्यरेषेपासून हातभर नव्हे, चांगले तीन-चार हात आत राहावे. पुढचे दिसत नसेल तेथे, जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल, एवढाच वेग ठेवावा.

उतारावर ब्रेक तापतात असे म्हणतात. ते खरे आहे का?

अगदी खरे आहे, आणि ते मी माझ्याच गाडीवर शिकलो. दस्तुरी नाक्यावरून नेरळला उतरताना मागे मित्र बसला होता आणि माझा पाय सुरुवातीपासून मागच्या ब्रेकवरून हललाच नव्हता. अर्ध्या उतारावर प्रथम जळक्या रबरासारखा वास आला. मला वाटले, पुढच्या टॅक्सीचा असेल. पुढच्या वळणावर पायपट्टी नेहमीपेक्षा खूप खाली गेली आणि गाडीचा वेग मात्र तेवढाच राहिला. पुढचा ब्रेक होता आणि गिअर पहिल्यावर आणता आला, म्हणून डोंगराच्या बाजूला टेकून थांबलो. मित्राने ड्रमवर बाटलीतले पाणी टाकले तेव्हा तव्यावर पडावे तसा आवाज झाला. पाणी टाकणेही चुकीचेच होते, कारण तापलेल्या धातूला तडा जाऊ शकतो. सावलीत थांबून आपोआप निवू द्यावे.

सतत दाबलेल्या ब्रेकमध्ये उष्णता साठत जाते, लायनरची पकड कमी होते आणि डिस्क ब्रेक असेल, तर जुन्या, पाणी शोषलेल्या ब्रेक ऑइलला उकळी फुटून लिव्हर मऊ पडतो. यासाठी ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरावे, वेग इंजिनाला धरू द्यावा आणि ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून पूर्ण सोडावा. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्याला आम्ही पुढच्या सहलीला बोलावत नाही. गिअर नसलेल्या स्कूटरला इंजिनाचा आधार कमी मिळतो, म्हणून त्यांनी दोन्ही ब्रेक आलटून-पालटून वापरावेत आणि दर काही वळणांनंतर थांबावे.

ट्रक आणि एसटी यांना ओलांडण्याची पद्धत काय असावी?

प्रत्येकाने आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवून स्वतंत्रपणे ओलांडावे. पुढचा गेला म्हणून त्याच्या मागे जाऊ नये, कारण त्याला मिळालेला रस्ता तुमच्या वेळी शिल्लक असेलच असे नाही. ओलांडून गेलेल्याने लगेच वेग कमी करू नये. मागच्याला परत शिरायला जागा लागते.

ट्रकचा उजवा दिवा लुकलुकला, तर त्याचे आपल्याकडे दोन अर्थ होतात : ‘ये पुढे’ किंवा ‘मीच उजवीकडे येतोय’. चालकाने खिडकीतून हात काढून खूण केली, तरी समोरचा रस्ता स्वतः दिसल्याशिवाय जाऊ नये. अवजड वाहन नागमोडी वळणावर आतल्या बाजूने मागची चाके ओढत नेते, त्यामुळे त्याच्या आणि डोंगराच्या मधल्या मोकळ्या दिसणाऱ्या जागेत कधीही शिरू नये. अरुंद घाटात दोन वाहने समोरासमोर आली, तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, असा वाहतुकीचा नियमच आहे.

पावसाळ्यात सहली असतात का?

असतात, पण हवामान खात्याचा इशारा पाहून. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, २०४.४ पर्यंत अति मुसळधार आणि त्यापुढे अतिवृष्टी अशी खात्याची वर्गवारी आहे. पिवळ्या इशाऱ्याला आम्ही जवळचा घाट निवडतो, नारिंगी किंवा लाल इशाऱ्याला घरी बसतो. आदल्या दोन-तीन दिवसांत सलग पाऊस झाला असेल, तर सहलीच्या दिवशी ऊन असले तरी दरड येऊ शकते, कारण भिजलेली माती नंतर सुटते. जिल्हाधिकारी धबधब्यांवर आणि घाटांतील ठिकाणांवर मनाई आदेश काढतात, आणि वरंध तर पावसाळ्यात अनेकदा बंदच असतो. आदल्या रात्री बातम्या पाहिल्याशिवाय निघू नये.

पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल आणि धूळ वर येऊन सर्वांत जास्त घसरण होते, जुलैपर्यंत ते धुऊन निघते. त्यानंतर डोंगराच्या बाजूला शेवाळ धरते. रंगवलेले पट्टे, पुलांचे लोखंडी सांधे आणि ओली पाने यांवर ब्रेक लावू नये. धुक्यात हझार्डचे चारही दिवे लावून चालवू नये, कारण मग वळण्याचा इशारा देताच येत नाही. धबधब्याखाली थांबू नये. पाण्याबरोबर दगडही येतात.

माझी गाडी १०० सीसीची आहे. मी येऊ शकतो का?

अवश्य यावे. घाटातली तुमची चाल हीच गटाची चाल ठरेल. फक्त महामार्गावर डावीकडून चालवावे आणि डबल सीट येऊ नये.

डबल सीट आणि लहान मुलांबद्दल काय नियम आहे?

मागे बसणाऱ्यालाही आयएसआय चिन्हाचे शिरस्त्राण, बूट आणि जाड कपडे लागतात. वळणात त्याने चालकाबरोबरच कलावे, घाबरून उलट्या बाजूला झुकू नये. ओढणी, साडीचा पदर आणि रेनकोटची लोंबती टोके चाकापासून आवरून घ्यावीत. चार वर्षांखालील मुलासाठी सुरक्षा पट्टा, शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असा केंद्र सरकारचा नियम आहे. आम्ही घाटसहलीत लहान मुलांना घेतच नाही.

निघण्यापूर्वी गाडीत काय पाहावे?

टायर, ब्रेक, साखळी आणि दिवे. टायरच्या खाचांतील झीज दाखवणारी उंचवटी पृष्ठभागाला टेकली असेल, तर टायर बदलावा. बाजूवर चार अंकी आकडा असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचा शाबूत असूनही रबर जुने होऊन टणक पडते आणि ओल्या वळणावर ते कळते, म्हणून हा आकडा अवश्य वाचावा. सर्व्हिसिंग सहलीच्या आदल्या दिवशी करू नये, आठवडाभर आधी करून गाडी रोज चालवून पाहावी. माझ्या गाडीचा मागचा आस एका गॅरेजात नीट आवळायचा राहिला होता, तो शहरात फिरताना लक्षात आला म्हणून बरे.

क्लचची जादा केबल जुन्या केबलला लागूनच टाकून, टोके टेपने बांधून ठेवावी. तुटली तर रस्त्याकडेला दहा मिनिटांत जोडता येते. पेट्रोलचे गणित सर्वांत लहान टाकीवर करावे आणि माळशेजला जाताना मुरबाडला सर्वांनी एकदमच भरावे.

अपघात झाला तर सर्वप्रथम काय करावे?

सगळ्यांनी जखमीभोवती गोळा होऊ नये. दोघांनी त्याच्याजवळ थांबावे, एकेकाने दोन्ही बाजूंच्या वळणांपलीकडे जाऊन येणारी वाहने सावकाश करावीत, आणि एकाने मोबाइलला रेंज मिळेल तेथे जाऊन १०८ किंवा ११२ वर फोन करावा. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि घाटाची बाजू सांगितली, तर रुग्णवाहिका लवकर पोहोचते. श्वास चालू असेल, तर शिरस्त्राण ओढून काढू नये आणि उठवून बसवू नये. माळशेजच्या अलीकडे मुरबाडचे आणि कसाऱ्याच्या अलीकडे शहापूरचे सरकारी रुग्णालय आहे. मदत करणाऱ्या वाटसरूला दिवाणी वा फौजदारी कारवाईपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चे संरक्षण आहे, म्हणून अनोळखी गाडी पडलेली दिसली, तरी गटाने थांबावे. प्रत्येकाने रक्तगट आणि घरचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी वाहन परवान्यासोबत ठेवावी; फोनला कुलूप असते.

भाड्याची गाडी चालेल का?

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली परवानाधारक गाडी चालेल. ओळखीच्या माणसाने खाजगी गाडी पैसे घेऊन दिली असेल, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकण्याची शक्यता असते. ब्रेकची सवय होण्यासाठी ती आदल्या संध्याकाळीच ताब्यात घ्यावी.

मध्येच परत फिरावेसे वाटले तर?

कारण न सांगता लीडला तसे सांगावे. अंग दुखते, भीती वाटते, घरून फोन आला, काहीही चालते आणि त्यावर कोणी थट्टा करायची नाही. परतणाऱ्याला एकटे सोडत नाही. कोणीतरी एकजण त्याच्याबरोबर निदान मुरबाड किंवा खोपोलीपर्यंत उतरतो, आणि ही पाळी कोणाची हे सकाळीच ठरलेले असते. घरी पोहोचल्यावर ‘पोहोचलो’ एवढा निरोप टाकावा. स्वीपचा निरोप सर्वांत शेवटी येतो आणि तोवर लीडने झोपायचे नसते.